गाडी पुढे घ्यायला मीच सांगितलं

आई, मी तुम्हाला फिरवून मारलं, असं तुमच्या धाकट्या जाऊबाई काल हॉलच्या दारातच म्हणाल्या. मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या. तुमच्या पुण्यानुमोदनाला अख्खी बिल्डिंग आली होती, आत वंदना सुरू व्हायची होती आणि मी दारात चपला काढत होते. क्षणभर वाटलं, काढलेल्या चपला परत पायात सरकवाव्यात आणि सरळ घर गाठावं. मग म्हटलं, का म्हणून? सासू माझी, हॉल मी ठरवलेला, तुमच्या फोटोला फुलं मी आणलेली. मी आत गेले आणि पहिल्या रांगेत बसले.

तेव्हा तुम्हाला आधीच सांगून ठेवते. मी माफी मागणार नाही. जाऊबाईंची नाही, शेजाऱ्यांची नाही आणि तुमची तर नाहीच नाही. तुम्ही एकोणीस वर्षांत माझी एकदाही मागितली नाहीत, माझा नवा कुकर तुमच्या हातून जळला तेव्हासुद्धा. "कुकरच हलका होता," एवढं म्हणून तुम्ही गॅलरीत निघून गेला होतात. हे मी माझ्या लेकीच्या, प्रज्ञाच्या, जुन्या वहीत लिहितेय, वही माझ्या कपाटात राहणार आहे, त्यामुळे कोणाला बरं वाटावं म्हणून काही लिहायची गरज नाही.

लोकांना गोष्ट सरळ दिसते. तुमचं हृदय अशक्त झालं होतं. ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्या तारखेला तुम्ही हॉस्पिटलच्या पलंगावर असायला हव्या होतात, आणि होतात कुठे, तर सिन्नरच्या बाजूला एका मळ्यात, बाजेवर, पाय पसरून. परत आल्यावर नवव्या दिवशी, दुपारी, घाटकोपरच्या आपल्या गॅलरीत खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात. दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडायला अक्कल लागत नाही. आणि बोट माझ्याकडे येतं तेही बरोबर आहे, कारण "आईंना साथीचा ताप आलाय, तारीख पुढे ढकललीय, या रविवारी तुम्ही येऊ नका" असं संध्याताईंना फोनवर मीच सांगितलं होतं. तुमच्या सांगण्यावरून सांगितलं, पण तोंड माझं होतं.

ताईंचं तसं काही चुकलं नव्हतं. तुमची थोरली लेक, बोरिवलीहून दर रविवारी फाईल काखेत मारून यायची. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, याचा तक्ता त्यांनी फ्रीजवर चिकटवला. डॉक्टरांनी दिवसाला एकच लिटर पाणी सांगितलं तर ताई बाटलीवर स्केचपेनने रेघा मारून घेऊन आल्या. चौतीस वर्षं बागेत माळीकाम केलेली बाई तुम्ही, दिवसभर हातात पाण्याचा पाइप असलेली, आणि तुम्हाला पाणी रेघेने. "या पोरीने मला कुंडीत लावलंय," तुम्ही म्हणायच्यात. ऑपरेशनबद्दल डॉक्टर म्हणाले होते की केलेलं बरं, पण या वयात खात्री कोणी देणार नाही. त्यातलं पहिलं वाक्य ताईंनी ऐकलं, दुसरं तुम्ही. मी दोन्ही ऐकली आणि गप्प बसले, कारण अशा गोष्टींत सुनेला विचारायची आपल्या घरात पद्धत नव्हती.

मग एक दिवस मेथी निवडताना तुम्ही म्हणालात, "मनीषा, मला इंदूकडं जायचंय. आन् हिराकडं."

मी म्हटलं, ऑपरेशन झालं की जाऊ.

"झाल्यावर मी कुठं जाईन ते तुला ठाऊक हाय का?"

मेथीची जुडी संपेपर्यंत तुम्ही सगळं ठरवून टाकलं.

इंदूबाई आणि हिराबाई तुमच्याबरोबरच बागेत होत्या. तिघींनी एकत्र वाफे खणले, एकत्र डबे खाल्ले. तुमच्यात एक रीत होती. जी बाई रिटायर होईल तिने शेवटच्या दिवशी मागच्या भिंतीकडे एक झाड लावायचं. पाटी नाही, हार नाही, साहेबाचं भाषण नाही. त्या दिवसापासून बाकीच्या त्या झाडाला तिच्या नावाने हाक मारणार. "इंदूला आज पाणी नाही मिळालं", "हिराच्या फांद्या छाटायला झाल्यात" असं तुम्ही घरी येऊन सांगायच्यात, आणि लग्न होऊन नवीन आलेली मी घाबरून ऐकायचे. इंदूबाईंची बकुळ, हिराबाईंचं कांचन. दोघी आपापल्या गावी निघून गेल्या. तुम्ही इथेच राहिलात आणि रिटायर झाल्यावरही दर आठवड्याला मैत्रिणींची झाडं बघून यायच्यात. आता तुम्हाला एवढंच हवं होतं, की दोघींना त्यांच्या झाडाची फांदी नेऊन दाखवायची. अडचण एकच होती. हिराबाईंचं कांचन गेल्या पावसाळ्यातल्या वाऱ्यात मुळासकट पडलं होतं.

"मग दुसऱ्या कुठल्या कांचनाची आण," तुम्ही मला म्हणालात. "तिला काय कळतंय आता, ऐंशीची झाली असंल."

गाडीची सोय तुमच्या मुलाने केली. विलासचं काम मढला शूटिंगवर व्हॅनिटी गाड्या चालवायचं. नटनट्या ज्यात बसतात, मेकअप करतात, कपडे बदलतात, त्या गाड्या. मालकाने एक जुनी छोटी गाडी विकायला काढली होती, ती विकायच्या आधी आठ दिवस विलासने मागून घेतली. आत एक लांब सोफा, बेसिन, माणूस जेमतेम मावेल एवढा संडास, आणि एका भिंतीवर हा एवढा मोठा आरसा, त्याच्या भोवती बल्ब. एसी बंद पडलेला. प्रज्ञाने पहिल्याच दिवशी सगळे बल्ब लावले तर तुम्ही नातीवर ओरडलात, "बंद कर, बिल येईल." गाडीला बिल येत नाही हे तुम्हाला आठ दिवसांत कोणी पटवू शकलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, ताईंना घेऊ या का. सोफ्यावर जागा होती. तुम्ही म्हणालात, "नको. ती आली की मला पेशंट करती. तिला काही सांगू नको." एवढंच बोलणं झालं, आणि ते फक्त आपल्या दोघींत झालं.

कसारा घाट चढून गेल्यावर विलासने गाडी झाडाखाली लावली, तुम्ही आरशासमोरच्या खुर्चीत बसलात आणि स्वतःकडे बघत राहिलात. घरातल्या आरशात टिकली लावण्यापुरतं कपाळ दिसतं, फार तर नाक. इथे अख्ख्या दिसत होतात. "मी एवढी म्हातारी हाय व्हय गं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, "तू पण काही कमी न्हाईस." मग मला जवळ ओढून आरशात दोघींची तोंडं शेजारी शेजारी धरलीत. एकोणीस वर्षं दोन खोल्यांत आपण एकमेकींना पाठमोऱ्याच जास्त बघितलं असणार, एक ओट्याकडे तोंड करून आणि एक गॅलरीकडे. मला रडू येत होतं म्हणून मी चहाचं सामान काढायला उठले.

आता बागांचं. लोक फिरायला जातात तर देऊळ बघतात, धबधबा बघतात. तुम्ही वाटेतल्या प्रत्येक गावात विचारत होतात, "इथं बाग कुठंय?" आणि बाग सापडली की विलासने गाडी थांबवायची. एका गावात, नाव नाही लिहीत, भर दुपारी बाराला एक माळी गुलाबांना पाणी घालत होता. तुम्ही वाफ्याच्या कडेला चपला काढल्यात, कारण चपला घालून वाफ्यात जायचं नसतं, आणि त्याच्या हातातला पाइप काढून घेतलात.

"दुपारच्या बाराला पाणी घालतात का रे? मुळं शिजवतोस काय?"

"आजी, तुम्ही कोण?"

"मी चौतीस वर्सं हेच केलंय, ती मी."

त्याने नळ बंद केला आणि तुमच्यासाठी बादली उपडी घातली. मग अर्धा तास तुमची शाळा चालली. गुलाबाची काडी कुठल्या डोळ्यावर कापायची, पानांवर पांढरं पडलं तर काय मारायचं. निघताना त्याने तुम्हाला वाकून नमस्कार केला. गाडीत चढताना तुम्हाला दम लागला होता, पण तुमचा चेहरा मी बघितला. हॉस्पिटलच्या प्रत्येक फेरीनंतरचा तुमचा चेहराही मीच बघत होते. ज्यांनी हे दोन्ही चेहरे बघितले नाहीत त्यांनी मला शिकवायला येऊ नये.

इंदूबाईंच्या गावात तर मजाच झाली. व्हॅनिटी गाडी बघून निम्मं गाव गोळा झालं. काळ्या काचा, लांबलचक गाडी, मुंबईचा नंबर. "हिरोईन आलीय," असं कोणीतरी उठवलं. मोबाईल वर झाले. दार उघडलं आणि उलट्या पावलांनी, दांडा घट्ट धरून, सुती साडीतल्या तुम्ही खाली उतरलात, काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागून इंदूबाई गर्दी ढकलत आल्या. "सरका रे. माझीच हिरोईन हाय ती."

त्यांनी बकुळीची फांदी हातात घेतली. तिला तीनच फुलं होती, तीही सुकलेली. इंदूबाई ती फुलं कितीतरी वेळ नाकाशी धरून बसल्या. मग तुम्ही दोघी मळ्यात बाजेवर बसलात आणि मेलेल्या, बदली झालेल्या, पळून गेलेल्या सगळ्या माणसांची हजेरी घेतलीत. तो ऑपरेशनचा दिवस होता. इंदूबाईंनी विहिरीचं पाणी तांब्याभरून आणलं. रेघांची बाटली गाडीत होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी कांद्याच्या वाफ्यांकडे बघितलं. तुम्ही अख्खा तांब्या प्यायलात, वरून पाणी तोंडात सोडत, गळ्यावर ओघळ येईपर्यंत, आणि नंतर जोरात ढेकर दिलीत. संध्याकाळी ताईंचा फोन आला, ताप उतरला का. मी म्हटलं, उतरतोय.

हे सगळं मी हसत हसत सांगू शकते. पुढचं सांगताना हसू येत नाही, पण सांगणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला चप्पल जाईना. मी खाली बसून घालायला गेले तर पाऊल टम्म सुजलेलं. अंगठ्याने दाबलं, खड्डा पडला आणि तो भरेना. याचा अर्थ मला माहीत होता, ताईंनी तक्त्याच्या खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं. पायाला सूज दिसली की लगेच डॉक्टरकडे. तुम्ही साडी खाली ओढलीत.

"विलासला सांगू नको."

मी म्हटलं, आपण परत जाऊ. तुम्ही म्हणालात, हिराकडे जाऊन मग. मी म्हटलं, हिराबाई पळून जात नाहीत. तुम्ही म्हणालात, "मी जाती ना पण." गाडीचं दार बंद होतं, बाहेर विलास आणि प्रज्ञा पुढची काच पुसत होते आणि आत आपण दोघी हळू आवाजात कचाकचा भांडत होतो. इतकी भांडणं झाली आपली, मोगऱ्याला पाणी जास्त झालं यावरून, गॅलरीत कपडे वाळत घालायचे की कुंड्या ठेवायच्या यावरून. तशा भांडणाचं तोंडाला वळण होतं. हे तसं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "तुम्हाला काही झालं तर सगळे मला धरतील."

तुम्ही माझ्याकडे वर बघत म्हणालात, "धरू दे की. तू काय लेचीपेची हायेस?"

एकोणीस वर्षांत तुम्ही माझं केलेलं हे एकमेव कौतुक. तेही कुठल्या वेळी केलंत बघा. मी तक्त्यात बघून सुजेवरची गोळी दिली, पाय उशीवर ठेवले आणि पावलांवरून तुमचीच शाल टाकली.

चहाच्या टपरीवर विलासने मला बाजूला घेतलं. तिथून एक रस्ता मुंबईकडे परत फिरत होता आणि एक संगमनेरकडे पुढे जात होता. "मनी, आई गप्प आहे आज. बरी आहे ना? तू सांग, परत फिरू की पुढे घेऊ?"

आई, आपल्या घरातलं कोणीतरी पहिल्यांदा मला मत विचारत होतं.

मी म्हटलं, "पुढे घे."

त्याने चहाचा ग्लास ठेवला आणि गाडी पुढे घेतली. त्याला वाटलं आई बरी आहे, म्हणूनच मनी असं म्हणतेय. ते दोन शब्द मी त्या दिवसापासून तोंडात धरून आहे. जेवताना, मरोळला कारखान्यात खोके मोजताना, तुमची राख गार झाल्यावरही. त्या वेळी परत फिरलो असतो तर तुम्ही आज असता का? असता कदाचित. नसताही कदाचित. डॉक्टरांनाही जे सांगता आलं नाही ते मला टपरीवर उभ्या उभ्या कळायला हवं होतं, असं ज्याला म्हणायचंय त्याने म्हणावं.

जुन्नरच्या पुढे हिराबाईंचं घर. बाई काटकुळी, दात एक नाही, पण नजर तुमच्यापेक्षा तेज. विलासने तुम्हाला जवळजवळ उचलूनच ओट्यावर बसवलं. सूज थोडी उतरली होती. तुम्ही फडकं पुढे केलंत. "घे. तुझं कांचन."

हिराबाईंनी फडकं सोडलं. एक पान तोडलं, उजेडाकडे धरलं, दोन बोटांत चोळलं.

"कौसे, हा आपटा हाय."

तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. मला जमिनीत जावंसं वाटलं. फांदी मी आणली होती, शेजारच्या सोसायटीच्या गेटजवळून. दसऱ्याला आपल्या बिल्डिंगमध्ये लोक कांचनाचीच पानं सोनं म्हणून वाटतात, त्यामुळे मला जन्मभर ती दोन्ही झाडं एकच वाटत आली. तुम्हाला हल्ली जवळचं दिसत नव्हतं, मी दिली तशी तुम्ही गुंडाळून घेतलीत. माळणीची सून चौतीस वर्षांच्या नोकरीला बट्टा लावून आली होती.

"पडलं ना माझं झाड?" हिराबाईंनी विचारलं.

"पडलं. पावसाळ्यात."

"मग खोटं घेऊन एवढ्या लांब आलीस व्हय गं?"

"मग काय रिकाम्या हातानं येऊ?"

आणि तुम्ही दोघी हसायला लागलात. इतक्या हसलात की तुमचा श्वास अडकला आणि मला पाठ चोळावी लागली, आणि पाठ चोळताना मीही हसत होते. मग हिराबाईंनी सगळी चौकशी केली. कुठल्या बाजूला पडलं, कुणाच्या अंगावर नाही ना पडलं, खोड किती जाड झालं होतं. तुम्ही हाताने दाखवलंत. त्यांनी तो आकार स्वतःच्या हाताने परत करून बघितला आणि म्हणाल्या, "एवढं झालं होतं?" तिथे आता काय लावायचं यावरून तुमची दुपारभर जुंपली. हिराबाईंना सोनचाफा हवा होता, तुम्ही म्हणत होतात तिथलं पाणी चाफ्याला सोसायचं नाही. निघेपर्यंत मिटलं नव्हतं. गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तुम्ही शेवटचं ओरडलात ते "चाफा न्हाई" एवढंच.

माळशेज घाट उतरताना तुम्ही सोफ्यावर झोपला होतात, डोकं माझ्या मांडीवर. परत आल्यावर मी रजा संपवून कामावर गेले, ताईंनी नवी तारीख घेतली, आणि त्या तारखेच्या तीन दिवस आधी तुम्ही गेलात. मी त्या दिवशी घरी होते. आत भात टाकत होते. गॅलरीतून तुमचा आवाज आला, "मोगऱ्याला पाणी जास्त झालंय." मी आतूनच म्हटलं, "होऊ दे." पाच मिनिटांनी भाताचं विचारायला बाहेर आले. तुमच्याशी माझं शेवटचं बोलणं हे असं झालं, आणि मला ते चालतं. आपल्याला शोभेसं होतं.

आता कालचं.

वंदना झाली, चार माणसं तुमच्याबद्दल चांगलं बोलली, खीर वाटून झाली. मी हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात पातेली आवरत होते. संध्याताई आत आल्या. हातात प्रज्ञाचा मोबाईल. गाडीत प्रज्ञाने फोटो काढले होते, त्यातला एक त्यांनी माझ्यासमोर धरला. तुम्ही सोफ्यावर आडव्या, हसताय, आणि शाल सरकून पाऊल उघडं पडलंय.

"मनीषा, खरं सांग. ही सूज तू बघितली होतीस?"

"हो."

"कधी?"

"हिराबाईंकडे जायच्या आधी."

"आणि तरी नेलंस?"

"हो. विलासला मी सांगितलं नाही. गाडी पुढे घ्यायला मीच सांगितलं."

विलास खिरीचं रिकामं पातेलं घेऊन दारात उभा होता, ते मला तेव्हा दिसलं. त्याने पातेलं खाली ठेवलं. "मला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला. मी म्हटलं, "तू गाडी फिरवली असतीस." तो म्हणाला, "हो, फिरवली असती." आणि बाहेर निघून गेला. अजून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतोय. बोलेल हळूहळू, तुमचाच मुलगा आहे.

ताई तिथेच उभ्या. "परत तशी वेळ आली तर काय करशील?"

"परत पुढे घे म्हणेन."

मला वाटलं आता ओरडतील, कदाचित हात उचलतील. मी तयार होते. उत्तरंही तयार होती, बारा दिवस तीच तर घडवत होते. रेघांच्या बाटलीचं, बागेतल्या माळ्याचं, तुमच्या चेहऱ्याचं, सगळं सांगणार होते. पण ताई प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या आणि मोबाईलमधल्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "या सोफ्यावर जागा होती की गं."

मला कळेना.

"मी मावले नसते का? आठ दिवस रजा टाकली असती मी. इंदूमावशीने मला कडेवर घेऊन ती बाग दाखवलीय, मी चालायला त्या बागेत शिकले. फायली घेऊन फिरायची मला काय हौस होती? दुसरं कोणी करत नव्हतं म्हणून करत होते. मला का नाही नेलंत?"

आई, खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. "आईच नको म्हणाल्या." एवढं म्हटलं असतं की मी मोकळी. एका वाक्यात सगळं तुमच्या अंगावर गेलं असतं, आणि तुम्ही काय, फोटोत. जाऊबाईंनी दारात ऐकवलेलंही मला त्या क्षणी आठवलं. सगळं माझ्यावर आलेलंच होतं, हे तरी कशाला घ्यायचं?

मी म्हटलं, "आई म्हणत होत्या, संध्याला घेऊ या. मीच नको म्हटलं. तुम्ही डॉक्टरांचं काढाल आणि परत फिरायला लावाल म्हणून. माझं चुकलं, ताई. माफ करा मला."

ताईंनी वर बघितलं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी माझ्याबद्दल विचारलंच नाही. "आई म्हणाली होती?" त्यांनी विचारलं. "काय म्हणाली होती?"

मला तिथल्या तिथे रचावं लागलं. मी म्हटलं, "म्हणाल्या, संध्या नाही तर मला गोळीची वेळ कोण सांगणार."

तुम्ही गेल्यापासून ताई रडल्या नव्हत्या. पावत्या, फोन, मंडपवाला, सगळं कोरड्या डोळ्यांनी करत होत्या. काल त्या स्टुलावर बसून पदर तोंडात कोंबून रडल्या, आणि मी खिरीचे हात तसेच लांब धरून शेजारी उभी राहिले. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझं हे मी कधी विसरणार नाही, मनीषा." नका विसरू म्हटलं.

तर असं झालं. मागणार नाही म्हटलेली माफी मी काल मागितली, आणि जी चूक माझी नव्हतीच तिच्यासाठी मागितली. बाकी कशासाठी मागितलेली नाही. विहिरीच्या पाण्यासाठी नाही, सुजेसाठी नाही, टपरीवरच्या त्या दोन शब्दांसाठी नाही. ताईंनी जन्मभर माझ्याशी अबोला धरला तरी चालेल, मी बोरिवलीला भाऊबीजेला विलासला एकट्याला पाठवीन. तुम्ही तिला नको म्हणालात, हे तिला माझ्याकडून कधी कळणार नाही.